डब्यातली तारली, सोनारीची माकडं आणि आजी

मागच्या महिन्यात माझा ब्लड रिपोर्ट आला आणि फ्रीलान्सर असण्याची सगळी मस्ती एका फटक्यात उतरली. बी-१२ लाल अक्षरात. व्हिटॅमिन डी लाल अक्षरात. हिमोग्लोबिन काठावर पास. वय वर्षं अठ्ठावीस, आणि रिपोर्ट बघितला तर वाटावं कुणा रिटायर्ड मास्तरांचा आहे!

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "दिवसभरात काय खाता?"

मी खरंखरं सांगून टाकलं. सकाळी चहा. दुपारी चहा-बिस्किटं. डेडलाइन असेल तर संध्याकाळी चहा आणि वेफर्स. रात्री फोनवरून जे काही अर्ध्या तासात दारात येईल ते.

"मासे खाता का?"

"खाते की! गोव्याला गेले की रोज खाते."

"आणि गोव्याला वर्षातून किती वेळा जाता?"

इथे माझी बोलती बंद. (उत्तर होतं, अडीच वर्षांपूर्वी. ऑफिसच्या पैशानं. म्हणजे तेव्हा ऑफिस होतं!) इंजेक्शनं, गोळ्या आणि सॅशे लिहून देऊन डॉक्टर शेवटी म्हणाले, "हे तीन महिन्यांपुरतं. खाण्याचं मात्र तुम्हालाच बघावं लागेल. आठवड्यातून दोनदा मासे जमवा."

आता तुम्हीच सांगा, पुण्यात एकट्या-दुकट्या नोकरदार प्राण्यानं आठवड्यातून दोनदा मासे जमवायचे म्हणजे काय चेष्टा आहे? गणेश पेठेतल्या मासळी बाजारात रविवारी सकाळी उठून जा, भाव ऐकून घाबरा, घरी आणा, धुवा, मीठ-हळद लावा, तळा, मग दोन दिवस किचनचा वास घालवत बसा. मी पहिल्या आठवड्यात हे सगळं केलं. दुसऱ्या आठवड्यात फक्त भाव ऐकून आले. तिसऱ्या आठवड्यात उठलेच नाही.

आणि मग सुपरमार्केटच्या त्या रॅकसमोर, जिथे आपण कधीच थांबत नाही, मी थांबले. स्वीट कॉर्नच्या शेजारी, ऑलिव्हच्या खाली, एक चपटा, चौकोनी, खिशात मावेल एवढा डबा. वर लिहिलं होतं, सार्डिन्स इन ऑइल. दोन प्रकार होते. पोर्तुगालचा, जो मला चारशेच्या वर पडला, आणि आपल्याकडचा, जो दोनशेच्या आत मिळाला. दोन्ही घेतले. एका पिझ्झ्याच्या पैशात!

हे तर आपलंच पाखरू!

माझी रूममेट मालवणची आहे. मालवणच्या माणसाला डब्यातले मासे दाखवणं म्हणजे नागपूरकराला टेट्रापॅकमधला संत्र्याचा ज्यूस पाजण्यासारखं. तिनं डबा उलटासुलटा केला आणि म्हणाली, "ह्या काय गो? ही तर तारली!"

बरोब्बर. सार्डिन म्हणजे कुणी गोरा पाहुणा नाही. आपल्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या सार्डिनला मराठीत तारली म्हणतात, तिच्याच छोट्या भावंडांना पेडवे. गोव्यात तिला तारले म्हणतात आणि केरळात मत्ती. मालवणात तिरफळं घालून तारलीचं जे तिखलं करतात ते खाल्लेला माणूस पापलेटवाल्यांकडे दयेनं बघतो. ही कायम गरिबाची मासळी. कोकण-मलबारच्या किनाऱ्यावर ती एवढी मुबलक मिळायची, की तिचं तेल होड्यांना लावायचे आणि उरलेली मासळी माडाला खत म्हणून घालायचे. आज आपण ओमेगा-थ्रीच्या कॅप्सूल्स घेतो. आपल्या पणजोबांच्या होड्या फुकटात ओमेगा-थ्री पीत होत्या, राव!

(युरोपातल्या डब्यात असते ती तारलीची चुलत बहीण. जात वेगळी, खानदान एकच.)

डबा उघडला. रिंग ओढली, टक्क! आत चांदीच्या रंगाचे चार मासे, शिस्तीत झोपलेले. लोकलच्या सेकंड क्लासमध्ये आपण उभे असतो तसे, फक्त यांना घाम येत नव्हता. कांदा, लिंबू, तिखट, टोस्ट. रूममेटनं एक घास खाल्ला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला, "वाईट नाय हा." मालवणी माणसाकडून हे म्हणजे पद्मश्री समजा.

डब्यात नेमकं असतं काय?

माझा पहिला प्रश्न तुमच्यासारखाच होता. दोन-तीन वर्षं टिकतं म्हणजे केमिकल घातलेलं असणार! तर नाही. मागचं लेबल वाचलं. मासे, तेल, मीठ. बस्स.

फंडा साधा आहे. माशाचं डोकं आणि पोट काढतात, मिठाच्या पाण्यात ठेवतात, वाफवतात, सुटलेलं पाणी काढून टाकतात. मग डब्यात रचून वर तेल किंवा टोमॅटोचा रस घालतात आणि झाकण हवाबंद करतात. यानंतर तो बंद डबाच्या डबा एका मोठ्या प्रेशर कुकरमध्ये जातो. त्याला रिटॉर्ट म्हणतात. तिथे सुमारे ११५ ते १२१ अंश सेल्सिअसला तो ठरावीक वेळ शिजतो. आतले जंतू मरतात, बाहेरचे आत येऊ शकत नाहीत. आपल्या घरच्या कुकरमध्ये मटणाचं हाड मऊ होतं ना, तसेच यात माशाचे काटे इतके मऊ होतात की जिभेनं दाबले तरी विरघळतात. हे काट्यांचं लक्षात ठेवा, पुढे स्टोरीत उपयोग आहे.

ही आयडिया काही कालची नाही. फ्रान्स सरकारनं सैन्याला अन्न पुरवायची युक्ती शोधणाऱ्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस जाहीर केलं होतं. निकोला अपेर नावाच्या एका हलवायानं बाटल्यांत अन्न बंद करून, बाटल्या उकळून ते टिकवून दाखवलं आणि १८१० मध्ये बक्षीस जिंकलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंडनं पत्र्याच्या डब्याचं पेटंट घेतलं. गंमत म्हणजे अन्न का टिकतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लुई पाश्चरनं जंतूंची भानगड उलगडली ती त्यानंतर पन्नासेक वर्षांनी. आणि डबा उघडायचं ओपनर यायलाही काही दशकं गेली. तोवर लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडत होते!

आपल्याकडे कोचीमध्ये १९५७ साली सुरू झालेली सिफ्ट, म्हणजे केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्था, मासे टिकवण्याच्या याच शास्त्रावर काम करते. पिशवीत मिळणारी 'गरम करा आणि खा' छाप फिश करी पाहिलीय? त्या रिटॉर्ट पाउचवरही तिथे बरंच काम झालंय.

आकडे बोलतात

तेलातल्या, तेल निथळलेल्या १०० ग्रॅम सार्डिनमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. काट्यांसकट खाल्लं तर ३८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. बी-१२ जवळजवळ ९ मायक्रोग्रॅम. आपली रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे एका डब्यात तीन दिवसांची सोय! शिवाय ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-थ्रीची कामाची जोडी मिळून सुमारे १ ग्रॅम. व्हिटॅमिन डी २०० युनिटच्या जरा खाली. रोजची गरज ६०० युनिट धरली तर साधारण तिसरा हिस्सा. उन्हात न जाणाऱ्या आपल्यासारख्या क्यूबिकल-जीवांना तेही थोडं नाही. नेहमीचा छोटा डबा १२५ ग्रॅमचा असतो आणि तेल काढल्यावर ९० ग्रॅम मासे उरतात. हिशोब तुम्ही करा.

"पण जवसाच्या चटणीत ओमेगा-थ्री असतं की!" असं कुणीतरी म्हणणारच. असतं. मी मराठवाड्याची आहे, जवसाच्या चटणीवर वाढलेय, तिच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही. पण जवसातलं ओमेगा-थ्री वेगळ्या जातीचं असतं. शरीर त्यातलं थोडंसंच ईपीए-डीएचएमध्ये बदलतं. माशात ते रेडिमेड मिळतं.

आणि पाऱ्याची भीती? मोठे मासे छोट्यांना खात खात अंगात पारा साठवतात. तारली छोटी, प्लवंगांवर जगणारी आणि कमी आयुष्याची. म्हणून तिच्यात पारा अगदी कमी असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं सार्डिनला 'उत्तम निवड' या यादीत ठेवलंय.

इथपर्यंतचा कॉलम मी पुण्यात बसून लिहू शकले असते. पण मग सोनारी झालं.

सोनारी, रविवार, दुपार

माझी आजी धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात, सोनारीला राहते. काळभैरवनाथाचं सोनारी. चैत्रातल्या यात्रेला नाथाच्या दर्शनासाठी लांबलांबून माणसं येतात. एरवी गावावर दोघांचं राज्य असतं. एक नाथाचं आणि दुसरं माकडांचं. सोनारीत माकडांना कुणी काठी उगारत नाही. त्यामुळे त्यांचा ॲटिट्यूड साधारण आपल्या टीम लीडरसारखा असतो.

आजी ब्याऐंशी वर्षांची आहे आणि एकटी राहते. गेल्या दिवाळीपासून ती वाळत चालली होती. दात गेलेत, कवळी ट्रंकेत आहे ("टोचती मेली"), दूध-भाकरी कुस्करून खाते आणि चहा पिते. थोडक्यात, माझाच डाएट प्लॅन! बार्शीच्या डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं होतं आणि म्हणाले होते, पडू देऊ नका आणि अंगात प्रोटीन जाऊ द्या. दादा, म्हणजे माझा चुलतभाऊ, अंडी आणून द्यायचा. आजी ती शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. मटण चावत नाही. उजनीची चिलापी आणली तर काट्यांना घाबरते. पूर्वी एकदा घशात काटा अडकलाय.

काट्यांना घाबरते... आणि माझ्या डोक्यात ट्यूब पेटली.

तर रविवारी मी भिगवण, टेंभुर्णी, कुर्डुवाडी, परंडा असं करत सोनारीत उतरले. हातात कॅरीबॅग, तिच्यात डझनभर केळी आणि तारलीचे तीन डबे. सोनारीत उघड्यावर कॅरीबॅग हातात घेऊन चालायचं नसतं हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण पुण्यात राहून माणसाची अक्कल कमी होते. आजीच्या दारापासून वीस पावलांवर एका दांडग्या नरानं पिशवी अशी काही हिसकली की मला 'अरे' म्हणायलाही वेळ मिळाला नाही.

साहेब थेट समोरच्या माळवदावर. आधी केळी. सावकाश, सोलून. मग डबा नंबर एक. हुंगला. चावला. कानाशी नेऊन हलवला. आतून डुबडुब आवाज आला. पुन्हा चावला. पुण्यात रिंग ओढताना माझं नख तुटलं होतं, त्यामुळे त्याचं दुःख मला समजत होतं. शेवटी वैतागून त्यानं डबा भिरकावला, तो खाली शहाबादी फरशीवर येऊन आपटला. दुसरा गेला कडब्याच्या गंजीत. तिसरा माळवदावरच टाकून महाराज निघून गेले.

दादानं तिन्ही गोळा केले. दोन ठीकठाक होते. फरशीवरचा मात्र कोपऱ्यात, जिथे झाकण आणि डबा जोडलेला असतो त्या शिवणीवरच चेपला होता आणि तिथून तेलाचा एक थेंब झिरपत होता.

"काय होत नाही, पुसून आत्ताच खाऊ की," दादा म्हणाला.

"नाही. हा टाकायचा."

झालं! आजी भडकली. "टाकायचा? अख्खा भरलेला डबा? चारशे रुपयं दिलं म्हनतीस आन टाकतीस?" आजीसमोर अन्न टाकणं हा गुन्हा आहे. १९७२ च्या दुष्काळात ती माझ्याएवढी होती. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडलीय तिनं, तिथे मिळणाऱ्या सुकडीवर दोन लेकरं जगवलीत. ताटातलं शीत खाली पडलं तरी ती उचलून कपाळाला लावते. अशा बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार की हा डबा फेकायचा आहे?

पण सांगितलं. कारण हा विषय भिडस्तपणाचा नाही. शिवण उघडली की बाहेरचे जंतू आत जातात, आणि बंद डब्यातल्या अन्नात बोट्युलिझमचा जंतू वाढला तर त्याचं विष माणसाला मारू शकतं. त्याला वास नसतो, चव नसते. म्हणूनच ज्याची शिवण चेपलीय, जो गळतोय, फुगलाय किंवा उघडताना ज्यातून फसकन पाणी उडतं, तो डबा कितीही महागाचा असो, चाखूनसुद्धा बघायचा नाही. सपाट बाजूला बारीक पोचा असेल तर सहसा चालतं. पण शिवणीवर तडजोड नाही.

आजी काही बोलली नाही. दादानं खड्डा खणून डबा पुरला. ती तोंड फिरवून बसली.

डालड्याचा डबा

बरं, उरलेले दोन लगेच उघडावेत, तर तेही नाही. रविवार नाथाचा. सोमवार महादेवाचा. आजीच्या घरात या दोन दिवशी मासळीचं नावही निघत नाही. म्हणजे मुक्काम मंगळवारपर्यंत! मी ताजे मासे आणले असते तर त्या उन्हात, लाइटच्या त्या लपंडावात मंगळवारपर्यंत त्यांचं काय झालं असतं? डबे आपले शांतपणे ट्रंकेत, कवळीच्या शेजारी पडून होते. तेव्हा मला डब्याची खरी किंमत कळली. डबा वाट बघतो.

सोमवारी रात्री आजी जरा निवळली. म्हणाली, "आमच्यात बी डब्यातली मासळी व्हती की." आणि मला एकदम आठवलं. माळ्यावरचा डालड्याचा पिवळा डबा! त्यात सुकट आणि बोंबील असायचे. आठवडी बाजारातून आणलेले, वर्तमानपत्रात गुंडाळून, झाकण घट्ट लावून ठेवलेले. पावसाळ्यात भाजी महाग झाली की आजी मूठभर सुकट तव्यावर भाजायची, कांदा-लसूण-मिरची घालायची आणि चार माणसांचं जेवण व्हायचं. समुद्र सोनारीपासून सरळ रेषेत अडीचशेएक किलोमीटर. आजीनं तो आयुष्यात पाहिलेला नाही. पण समुद्र तिच्या माळ्यावर पत्र्याच्या डब्यात कायम होता.

म्हणजे बघा, आपण ज्याला इम्पोर्टेड फॅड समजतो ते मराठवाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. ऊन हा आमचा रिटॉर्ट होता, एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी अंगणातली मटण-मासळीची वेगळी चूल पेटली. (आत गॅस आहे. पण मासळी बाहेर. नियम म्हणजे नियम!) डब्यातलं तेल तव्यात ओतलं, त्यातच कांदा परतला, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर हळद, आणि सगळ्यात शेवटी तारली. मीठ नाही, डब्यात असतंच. दोन मिनिटं. ज्वारीची भाकरी कुस्करून त्यावर घातली आणि ताट आजीपुढे ठेवलं.

तिनं सवयीनं बोटांनी मासा उकलला. मधला काटा शोधला, बाहेर काढला, माझ्याकडे रागानं बघितलं. "ह्यो काय मग?"

"दाब त्याला."

तिनं चिमटीत दाबला. काट्याचा भुगा झाला. पुन्हा दुसरा दाबला. त्याचाही भुगा.

"आगं, ह्याचं तर पीठ झालं!"

मग ती जेवायला लागली. मी आणि दादा आपण बघतच नाही असं दाखवत बघत होतो. पहिली अर्धी भाकरी संपली. मग ती म्हणाली, "वाढ अजून चतकोर." दादानं माझ्याकडे पाहिलं. दिवाळीपासून आजीनं कधी 'वाढ' म्हटलं नव्हतं.

हात धुताना तिनं निकाल दिला, "सुकटीची सर न्हाई. पर दात नसल्याल्या मानसाला ब्येस हाय."

मालवणची पद्मश्री मिळाली होतीच, आता सोनारीचा भारतरत्न मिळाला!

एका डब्यानं आजी तंदुरुस्त होणार नाही, हे मलाही कळतं. तिच्या गोळ्या चालू आहेत, माझ्याही. पण आता आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शुक्रवारी, दादा तिला एक डबा उघडून देतो. अंडी शेजारच्या पोरांना जातात. तारली जात नाही.

थोडं कडूही ऐकून घ्या

हा कॉलम वाचून कार्टभर डबे ऑर्डर करायच्या आधी चार गोष्टी. एक, युरिक ॲसिड वाढलेलं असेल, गाऊटचा त्रास असेल तर सार्डिन तुमच्यासाठी नाही. माशाची ॲलर्जी असेल तर नाहीच नाही. दोन, डब्यात मीठ असतं. ब्लडप्रेशरवाल्यांनी लेबलवर सोडियम बघावं आणि वरून मीठ, लोणचं, पापड आवरावं. तीन, हा काही अमृताचा डबा नाही. आठवड्यातून दोनदा पुरे. चार, शाकाहारी मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये. बी-१२ तपासून घ्या, कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्या. प्रश्न संपला.

आणि एक गोष्ट तारलीच्या बाजूनं. ती कायम मुबलक असेल असं समजू नका. केरळात २०१२ साली जवळजवळ चार लाख टन तारली सापडली होती. २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांचाही आकडा गाठला नाही. पुढे ती परत आली, पण समुद्राचं तापमान, पाऊस, एल निनो आणि बारक्या पिल्लांची मासेमारी, या सगळ्यांवर तिचं येणं-जाणं अवलंबून असतं. गरिबाची मासळी म्हणून तिला गृहीत धरलं तर उद्या डब्यावर फक्त चित्र राहील.

पटकन टिप्स

• डबा घेताना शिवण बघा, तारीख बघा, एफएसएसएआयचा नंबर बघा. लेबलवर मासे, तेल किंवा टोमॅटो आणि मीठ एवढंच असेल तर उत्तम.

• काटे आणि कातडी काढलेला प्रकार घेऊ नका. कॅल्शियम काट्यांतच असतं!

• तेल फेकू नका. कांदा त्यातच परता. ऑलिव्ह तेलातली तारली चवीला सरस. कॅलरी कमी हव्या असतील तर मिठाच्या पाण्यातली घ्या.

• डबा उघडल्यावर उरलेलं त्यातच ठेवू नका. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात काढा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा.

• घरी बरणीत मासे उकळून डबाबंद करायचे प्रयोग करू नका. बोट्युलिझमचे बीजाणू १०० अंशांना मरत नाहीत.

• ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये तारली गरम करू नका. प्लीज! अख्खा मजला तुमच्याशी बोलणं सोडेल. थंडच खा. कांदा, लिंबू, कोथिंबीर घालून चपातीच्या रोलमध्ये. कुणाला पत्ता लागत नाही. (लागतो. पण सिद्ध करता येत नाही.)

• भाकरी हाताशी असेल तर बाकी सगळं विसरा. तारली, ठेचा, कांदा. विषय संपला.

परवा आजीचा फोन आला होता. माझी तब्येत विचारली, लग्नाचं विचारलं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "येताना त्या डब्या आन चार. पर पिशवीत नगं, वढनीत गुंडाळून आन. त्यो मुडदा माळवदावर बसून रस्ता बघतोय."

तर मंडळी, पुढच्या रविवारी मी सोनारीत. डबे ओढणीत. तुमचा डबा कुठे आहे?